गाडी कुणासाठी बघताय

मागच्या हिवाळ्यात मी मतदार यादीच्या कामाला निघाले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई म्हणून लागलं की शिकवणं सोडून बरंच काही करावं लागतं. माणसं मोजायची, जनावरं मोजायची, संडास मोजायचे, आणि मधे वेळ मिळाला तर पाढे. माझी शाळा दिंद्रुडच्या पलीकडे एका वस्तीवर आहे. राहते वडवणीला. वय पन्नास, उजवा गुडघा पासष्टचा. रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करते. त्या दिवशी वस्तीवरची शेवटची दोन घरं राहिली होती आणि मला सपाटून भूक लागली होती.

शेवटचं घर एका म्हाताऱ्या मेंढपाळाचं होतं. सत्तरी ओलांडलेला, उंच, डोक्याला लाल पागोटं. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचा. आयुष्यभर कोणतं मेंढरू लंगडतंय ते बघण्यात गेलेलं, त्यामुळे असेल. सुनेनं पाणी दिलं. घरात मतदार पाच, मयत एक, नवीन नाव नाही. मी लिहून घेत होते आणि सहज पत्र्याच्या शेडकडे नजर गेली. कडब्याच्या पेंढ्या, लोकरीची पोती, तुटलेली बाज, आणि या सगळ्यात एक मोटारसायकल. टाकीवर कोंबडी बसली होती. मी जवळ गेले तर तिनं माझ्याकडे आमचे मुख्याध्यापक बघतात तसं बघितलं.

टाकीच्या आकारावरूनच मी गाडी ओळखली. जपानी, शंभर सीसीची, टू-स्ट्रोक. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांनी मला फुकट काही दिलेलं नाही. मी पंचाहत्तर टक्के भरलेला फॉर्म हातात धरून विचारलं, ही विकायची आहे का. म्हातारा माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "कुनासाठी बघताय?"

मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याला ते ऐकू आलं नसावं, कारण त्यानं सांगितलं की मालकांना घेऊन या.

आता हे वेड कुठून आलं ते सांगायला हवं. माझी दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आईनं मला मामाकडे धाडलं होतं, कडा गावाजवळच्या एका खेड्यात. मामाच्या सात म्हशी होत्या आणि हीच गाडी होती, नवी कोरी, निळी. त्या आख्ख्या गावात तिच्याइतकं देखणं दुसरं काही नव्हतं, मामासुद्धा नाही. सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून तो डेअरीवर जायचा. मी गेल्यावर चौथ्या दिवशी एका म्हशीनं लाथ मारून त्याचा हात मोडला. हात प्लॅस्टरमध्ये, दूध भांड्यात, आणि घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही. शेजारचे लोक एक दिवस मदत करतात, दुसऱ्या दिवशी त्यांना कामं निघतात. मामा ओट्यावर बसून शिव्या देत होता. मी म्हणाले, मला शिकव.

त्यानं मला खळ्यात शिकवलं. म्हणजे तो गळ्यात हात बांधून मधे उभा राहून ओरडायचा आणि मी त्याच्याभोवती फिरायचे. पहिल्या दिवशी मी थेट उकिरड्यात गेले. मामी म्हणाली, बरं झालं, मऊ जागा निवडली. तिसऱ्या दिवशी मी कॅन लावून डेअरीवर गेले. सलवार-कमीज, दोन वेण्या, पायात मामाचे बूट. रस्त्यात माणसं थांबून बघत होती. पण कॅन दिसले की बोलत नव्हती. दूध नासण्यापेक्षा पोरगी गाडीवर बसलेली परवडली, असा काहीसा हिशेब असावा. अकरा दिवस मी ती गाडी चालवली. बाराव्या दिवशी मामानं कंटाळून प्लॅस्टर स्वतःच फोडलं आणि मामीनं माझ्या हातात खुरपं दिलं.

पुढे लग्न झालं, नोकरी लागली, नवऱ्याकडे मोपेड होती, मग स्कूटी आली. पस्तीस वर्षं मी गिअरच्या गाडीला हात लावला नाही. कुणी लावू दिला नाही असंही नाही. विषयच निघाला नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. त्यांचं वडवणीत खता-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर लोक त्यांना कोणत्या रोगावर काय फवारावं ते विचारत असतात, त्यामुळे घरी ते सल्ला देत नाहीत. शांतपणे जेवण संपवलं, ताटात पाणी घेऊन हात धुतला आणि म्हणाले, "तुला दुखणं विकत घ्यायचं असलं तर घे. पण मला विचारून घेऊ नकोस. नंतर बिघडलं की ते माझ्या नावावर येतं."

मी म्हटलं, विचारत नाही, पण रविवारी मालक म्हणून चला.

रविवारी आम्ही स्कूटीवर वस्तीवर गेलो. मी पुढे, ते मागे. म्हाताऱ्यानं त्यांना बाजेवर बसवलं, तंबाखू दिली आणि गाडीचा इतिहास सांगायला सुरुवात केली. मी दोघांच्या मधे उभी होते, सगळं ऐकत होते, पण हिशेबात नव्हते. त्यानं सांगितलं की पुण्याची पोरं दोनदा येऊन गेली. दाढ्या ठेवलेली, फोनवर शूटिंग करणारी. त्यांना गाडी कापून, मागचं निम्मं काढून, भलतंच काही बनवायचं होतं. म्हाताऱ्यानं त्यांना ताक पाजून वाटेला लावलं. दर दसऱ्याला तो गाडीला हार घालायचा. गाडी बंद पडून सोळा-सतरा वर्षं झाली होती, हार चुकला नव्हता.

मग त्यानं नवऱ्याला विचारलं, गाडी रोज चालवणार की शेटासारखी उभी करणार. माझा नवरा खोटं बोलू शकत नाही, दुकान चालतं ते त्यामुळेच आणि वाढत नाही तेही त्यामुळेच. म्हणाले, मला गिअरची गाडी येत नाही. ती चालवणार, मी मागं बसणार.

म्हाताऱ्यानं हातातली तंबाखू खाली टाकली. पहिल्यांदा त्यानं मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. मग उठून शेडकडे गेला, कोंबडी उचलून सुनेकडे दिली आणि मला म्हणाला, स्टँडवरून काढा आणि शेडाला एक चक्कर ढकलून दाखवा. टायर बसलेले, चाकं जड, जमीन उंचसखल. मी पदर खोचला. गुडघ्यानं कडकड केली, ती म्हाताऱ्यालाही ऐकू गेली असणार. अर्ध्या वाटेवर गाडी माझ्या अंगावर कलली. मी तिला मांडीवर पेललं, दोन शिव्या दिल्या, त्या मी वर्गात देत नाही, आणि चक्कर पूर्ण केली. नवरा मदतीला उठले होते. म्हाताऱ्यानं त्यांना हात धरून खाली बसवलं.

"द्यायला हरकत न्हाई," म्हातारा म्हणाला. "पण आधी तुमचा मिस्त्री आना. आन कागद सायबाच्या नावावर हायेत."

हा साहेब कोण ते पुढे येतंच. आधी मिस्त्री.

वडवणीत स्टँडच्या मागे माझ्या स्कूटीचा मिस्त्री आहे. माझ्याच वयाचा, जाड भिंगाचा चष्मा, आणि कोणत्याही गाडीबद्दल चांगलं न बोलण्याचा नियम. गिऱ्हाईक नवीन गाडी दाखवायला आलं तरी तो तिच्याभोवती फिरून हळहळतो. त्याला मी वस्तीवर घेऊन गेले. त्यानं सीट उघडली तर आत उंदरांचं घर. कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घरटं केलेलं. किक मारली तर खाली जाईना, इंजिन धरलेलं. पुढच्या चाकाच्या तारा बोटानं मोडल्या. मी प्रत्येक गोष्टीला विचारायचे, होईल ना, आणि तो म्हणायचा, होतं तर सगळंच.

शेवटी त्यानं इंजिनवरची चिकटलेली माती पान्यानं खरवडली आणि तिथले आकडे वाचले. एकदा चष्म्यातून, एकदा चष्मा काढून. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. म्हणाला, "म्याडम, इंजिन तिकडूनच आलेलं हाय, जपानातून. पैल्या खेपेतलं. कुनी उघडलेलं बी न्हाई." एवढं बोलून त्याला आपण चांगलं बोललो याची लाज वाटली असावी, कारण लगेच म्हणाला की तरी घेऊ नका, ही गाडी नाही, आजारपण आहे.

मी घरी येऊन विचार करायला लागले आणि तिथेच चूक झाली. विचार केला की प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध कारण सापडतं. गुडघा, एक. सुटे भाग मिळत नाहीत, दोन. जुन्या गाडीची पुन्हा नोंदणी, तीन. शाळेतल्या सहकाऱ्यांचं तोंड, चार ते नऊ. इंटरनेटवर जुन्या गाड्या सुधारणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले. ते सगळे पुरुष, सगळे पांढऱ्याशुभ्र गॅरेजमध्ये हातमोजे घालून बोल्ट पुसत होते आणि 'तिचा आत्मा' वगैरे म्हणत होते. एकाच्याही टाकीवर कोंबडी नव्हती. मला वाटायला लागलं की मीही यांच्यातलीच, फक्त साडीतली.

तरी कागदाचं बघून ठेवू म्हणून साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे त्या भागातले जुने पुढारी. सध्या कोणत्या पक्षात आहेत ते रस्त्यावरचा ताजा बोर्ड वाचल्याशिवाय सांगता येत नाही. गाडी मुळात त्यांची. तीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्याला दिली, पण कागद कधी बदलले नाहीत. म्हणजे विकणारा म्हातारा, पण सही साहेबांची. मी एकटी जाणार होते. म्हातारा म्हणाला, मी बी येतो. सकाळी खांद्यावर घोंगडी टाकून, काठी घेऊन तो रस्त्यावर उभा होता. स्कूटीवर मागे बसला आणि आम्ही साहेबांच्या बंगल्यावर गेलो.

बंगल्यात संगमरवरी फरशी, मोठा हॉल, वीसेक माणसं कसल्या ना कसल्या सहीसाठी बसलेली. म्हाताऱ्यानं वहाणा बाहेर काढल्या, काठी आत आणली. साहेबांनी त्याला ओळखलं, जवळ बसवलं, चहा मागवला. मी फॉर्म पुढे केला. गाडीचं नाव ऐकून साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी बसलेल्या सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की याच गाडीवर बसून आपण पहिली निवडणूक जिंकली. गावोगावी कसं फिरलो, बायकांनी कसं ओवाळलं, धुळीनं तोंड कसं माखायचं. लोक माना डोलवत होते. मग फॉर्म बाजूला ठेवून ते म्हणाले की आता ही गाडी बाहेर द्यायची नाही. बंगल्यासमोर चौथरा बांधायचा, वर काचेची पेटी, आत गाडी, आणि खाली पाटी. येणाऱ्या पिढीनं बघितलं पाहिजे. मला म्हणाले, बाई, तुम्हाला आपण नवी स्कूटी बघू.

माझी बदली, माझ्या शाळेची खोली, माझ्या नवऱ्याच्या दुकानापुढचा रस्ता, सगळं कुठे ना कुठे त्या हॉलमधून जातं. मी फॉर्म उचलायला हात पुढे केला.

म्हातारा बशीतला चहा संपवत होता. तो संपवून, बशी खाली ठेवून, साहेबांच्या पायांकडे बघत तो म्हणाला, "सायब, जितलेत ती दुसरी येळ. ह्या गाडीवर तुमी पडलेत."

म्हातारा आपला संथपणे सांगत होता. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी मिरवणुकीत गाडी बंद पडली. साहेबांनी भर बाजारात बारा किका मारल्या, लोक हसले, आणि निकाल लागल्यावर साहेब म्हणाले की गाडी पनवती आहे. ती कुणी दारात ठेवून घेईना. "मला म्हनले, घेऊन जा ही अवदसा. मी मेंढरं चारत तितून चाललतो. ढकलीत नेली. कशापायी दिली ते तुमी इसरलेत, मी न्हाई."

पण पुढारी उगाच होत नाही माणूस. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं साहेबच हसले. मग सगळे हसले. साहेबांनी पेन काढला, तीन ठिकाणी सह्या केल्या, आणि फोटोवाल्याला बोलावलं. एका बाजूला म्हातारा, एका बाजूला मी, मधे साहेब, त्यांचा हात माझ्या फॉर्मवर. घरी पोचायच्या आत फोटो सगळ्या ग्रुपवर फिरत होता. खाली लिहिलं होतं, महिला सक्षमीकरणाचा ध्यास. गाडीचा उल्लेख नव्हता, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटलं मी पक्षात गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी अभिनंदन केलं आणि मग कशाबद्दल ते विचारलं. गाडीचं कळल्यावर एका गुरुजींनी सल्ला दिला की मुलाच्या नावावर घ्या. मला मुलगा नाही, मुलगी आहे, ती बंगळुरूला आहे आणि तिला सायकलही येत नाही. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, या वयात देवदेव करावा. त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत.

सही झाली तरी मी तीन आठवडे काही केलं नाही. म्हाताऱ्याची सून शाळेत मुलाला सोडायला यायची आणि विचारायची, बाई कवा नेताय. मी म्हणायचे, बघू. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पडायची नाही. पस्तीस वर्षं जे डोक्यात जपलं ते प्रत्यक्षात शेणामातीचं भंगार निघालं तर काय, याची.

मग मी मामाला फोन केला. मामा आता ऐंशीच्या घरात आहे, तब्येत उत्तम, कान तिखट. मला वाटलं तो मला एक तर खूळ म्हणेल, नाहीतर घे म्हणेल, दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. मी गाडीचं सांगितलं. तो खूश झाला. आपल्या निळ्या गाडीच्या आठवणी काढल्या, म्हशीच्या लाथेची काढली. मी म्हटलं, आणि मी दूध घेऊन जायचे.

तो म्हणाला, "तू? न्हाई गं. दूध त्या शेजारच्या पाटलाच्या पोरानं नेलं समदं."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतोय. मी खळ्याची आठवण दिली, उकिरड्याची दिली, त्याच्या बुटांची दिली. तो अगदी प्रेमानं मला समजावत होता की पोरी, तू तेव्हा लहान होतीस, तुझी गफलत होतेय, उकिरड्यात तर मीच गेलो होतो. पाटलाचा पोरगा लई गुणाचा होता. मी मामीला फोन द्यायला सांगणार होते, मग आठवलं, मामी जाऊन सहा वर्षं झाली.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी बंद केला नाही. नवरा आत आले, त्यांनी गॅस बंद केला आणि काय झालं विचारलं. मी सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं, आणि मी रडते तेव्हा फार वाईट दिसते, त्यामुळे रागही आला. मामा खोटं बोलत नव्हता. तेच वाईट होतं. त्या अकरा दिवसांना आता या जगात मी सोडून दुसरा साक्षीदार नव्हता, आणि पाटलाच्या ज्या पोरानं दुसऱ्याच दिवशी पोट दुखतंय म्हणून तोंड लपवलं त्याच्या नावावर माझं दूध गेलं होतं.

नवरा पाटावर बसले. म्हणाले, उद्या टेम्पो सांगू का.

मी म्हटलं, सांगा. यावेळी कागद माझ्या नावावर पाहिजे.

किंमत म्हाताऱ्यानं एकदाच सांगितली आणि मी एकदाच हो म्हटलं. नवऱ्याला तेव्हा मी मेंढरं बघायला पाठवलं होतं. किंमत इथेही लिहीत नाही, कारण ते हे वाचणार आहेत. आरटीओत मला वाटलं होतं जन्म जाईल, पण तिथल्या बाईंनी कागद नीट लावून दिले, आणि गाडी कुणासाठी हे विचारलं नाही. मी त्यांना परत जाऊन पेढे दिले.

मिस्त्रीनं गाडी चार महिने ठेवली. इंजिन सोडवायला त्यानं त्यात तेल भरून आठवडाभर तसंच ठेवलं, रोज सकाळी किकवर नुसता पाय ठेवून बघायचा. आठव्या दिवशी ती एक इंच खाली गेली तेव्हा त्यानं मला शाळेत फोन केला. मी वर्गात होते, भागाकार चालला होता. बाहेर जाऊन घेतला. तो फक्त म्हणाला, हलली. पिस्टन संभाजीनगरहून आणला, तारा जालन्याहून, कार्बोरेटरचे आतले भाग एका दुधवाल्याच्या मेलेल्या गाडीतून. दर शनिवारी मी शाळा सुटली की तिथे जायचे आणि स्टुलावर बसून वह्या तपासायचे. हळूहळू पाने द्यायला लागले. मग घासायला लागले. मिस्त्रीचं आणि माझं एकच भांडण झालं, रंगावरून. म्हातारा गाडी घेऊन पडला होता त्याचा टाकीला खोल पोचा होता. मिस्त्रीला तो काढून चकाचक करायची होती. मी म्हटलं, राहू द्या. तो म्हणाला, लोक मला नावं ठेवतील. तीन दिवस आम्ही बोललो नाही. शेवटी निळा रंग दिला आणि पोचा ठेवला, आणि मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगायला लागला की हे म्याडमचं काम आहे, माझं नाही.

एप्रिलात गाडी सुरू झाली. पहिल्या किकला काही नाही. दुसरीला उलटा झटका बसला आणि माझी नडगी सोलून निघाली. सहाव्या किकला तिनं एवढा धूर सोडला की स्टँडवरची माणसं शिव्या देत बाहेर आली. मी क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा सोडला, पुन्हा बंद. चौथ्यांदा निघाले ते थेट रसवंतीच्या बाकड्यांमधून. एक माणूस ग्लास हातात धरून पाय वर घेऊन बसला होता, त्याचं डोकं जागेवर होतं. बाजारपेठेतून पुढे निघाले आणि तेलगावच्या रस्त्याला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मोठमोठ्यानं काहीतरी बोलतेय. काय बोलत होते ते आठवत नाही. शिव्याच असाव्यात, पण चांगल्या मनानं दिलेल्या.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा करून मी गाडी म्हाताऱ्याला दाखवायला नेली. त्यानं तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, टायर बघितले, खाली वाकून तेल गळतंय का बघितलं. रंग जास्त झाला म्हणाला. आवाज बरा आहे म्हणाला. पोच्यावरून अंगठा फिरवून बघितला. मग न विचारता धोतर वर खोचून मागे बसला आणि म्हणाला, मेंढराकडं चला.

त्याचा मुलगा कालव्याकडे मेंढरं घेऊन गेला होता. कच्चा रस्ता, फुफाटा. आम्ही कळपाजवळ पोचलो तेव्हा मला वाटलं होतं की मेंढरं थोडी बाजूला होतील. ती तीन दिशांना फुटली. एक भाग कालव्याकडे, एक माळाकडे, आणि उरलेली सगळी शेजारच्या उन्हाळी भुईमुगात. मुलगा काठी आपटत ओरडायला लागला. पलीकडून शेताचा मालक धावत येताना दिसला. मी ब्रेक लावायला गेले तर मागून म्हाताऱ्याचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"थांबू नका बाई," तो म्हणाला. "त्यो मला वळखतो."

आम्ही थांबलो नाही. कालव्याच्या पुलापर्यंत गेलो. तिथे तो उतरला, घाम पुसला, कठड्यावर टेकून तंबाखू मळली. मग त्यानं सांगितलं की एवढी वर्षं गाडी होती, पण त्यानं दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी टाकलीच नाही. शिकवणारं कुणी नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. मेंढरांबरोबर चालायला दुसरा पुरतो. आज त्याला वाटलं होतं की गाडी उडते की काय.

परत येताना आम्ही दोघांनी मिळून भुईमुगाच्या मालकाची माफी मागितली. त्यानं म्हाताऱ्याला दहा मिनिटं झापलं आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, गाडी विकायची आहे का.